शोधकाठी

"सगळीकडे एकच ठसा पाहिजे," ओपानिन बोआदू म्हणाले. "शोधकाठी. दुसरं काही नको."

काखेतलं कापड त्यांनी आमच्या फळीवर ठेवलं. सुमिना पिंपातला रंग ढवळत होती, तिचा हात थांबला. मी रंगासाठी झाडाची साल कुटत होते, मीही मुसळ भिंतीला टेकवलं. मयताचं कापड घेऊन बायका येतात. हा ठसा नको, तो घ्या, जरा दाट मारा, असा तासभर घोळ घालतात आणि जाताना गावातल्या चार घरांची अब्रू काढून जातात. कुळाचा प्रमुख स्वतः कापड घेऊन येतो, तेव्हा घोळ घालायला काही उरलेलं नसतं.

कापड त्यांच्या वडिलांचं होतं. मूळचं पांढरं, आता तांबड्या रंगात बुडवून काढलेलं. त्या वर्षी नवं कापड कुणाच्या नजरेस पडत नव्हतं. लोक चादरी आणायचे, पिठाची पोतीसुद्धा उसवून आणायचे. पाऊस नव्हता. कोकोच्या बागा जळून गेल्या होत्या आणि रानातला वणवा विझला म्हणेपर्यंत दुसरीकडे पेटत होता. धुरामुळे दिवसभर संध्याकाळ असल्यासारखं वाटायचं. वाळत घातलेल्या कापडांवर राख पडायची, ती आम्ही कोंबडीच्या पिसाने झाडायचो.

"कोण पांघरणार हे?" सुमिनाने विचारलं.

"पांघरायचं नाही. पेटीवर घालायचं."

"दादा, पेटीवर साधं कापड चालतं."

"पेटी फिरवायची आहे," ओपानिन म्हणाले. "शनिवारी. त्याच्या आत झालं पाहिजे."

सुमिनाने काठी उचलून पिंपाच्या काठाला दोनदा झटकली आणि पुन्हा ढवळायला लागली. मी मात्र तिच्याकडे बघत राहिले.

पेटी फिरवणं म्हणजे काय, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. चार तरणी मुलं शवपेटी डोक्यावर घेतात आणि मेलेला माणूस त्यांना ओढत नेतो, ज्याने त्याला खाल्लं, म्हणजे चेटकाने मारलं, त्याच्या दारात. सरकारने याला कधीच बंदी घातली आहे. पण त्या वर्षी पोलिसांच्या जीपला पेट्रोल नव्हतं, त्यामुळे बंदी कुमासी शहरातच राहिली होती.

मेलेला होता कोफी फोफिये. ओपानिन बोआदूंचा भाचा, म्हणजे आमच्या रीतीप्रमाणे त्यांचा वारस. त्याची आई बाळंतपणातच गेली आणि पोर सुमिनाच्या पाठीवर बांधलेलं वाढलं. मोठा झाल्यावर परदेशात, लागोसला गेला. तिथल्या सरकारने आमच्या सगळ्या लोकांना हाकलून दिलं, तेव्हा एक पिशवी आणि एक रेडिओ घेऊन परत आला आणि दुसऱ्याच्या ट्रकवर ड्रायव्हर झाला. मग ताप आला, डोळे पिवळे झाले आणि आठवडा उलटायच्या आत तो गेला.

"इस्पितळात औषध नव्हतं हो," मी म्हणाले. "सगळ्यांना ठाऊक आहे."

ओपानिनांनी माझ्याकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता. खांदे त्या आठवड्यात उतरले होते आणि दाढीचे पांढरे खुंट वाढले होते. "ताप सगळ्यांनाच आला, आचिया," ते म्हणाले. "तुझ्या नवऱ्याला आला, मला आला. मेला तो एकटा. तो का?"

याचं उत्तर कुणाकडेच नसतं, म्हणून तर पेटी फिरवतात.

"दादा," सुमिना खाली बघत म्हणाली, "ही काठी दुसऱ्याला लावायची नसते. आई सांगायची, हे कापड ज्याच्या खांद्यावर, त्याने स्वतःला मोजायचं. आपण कुठे कमी पडलो, कुठे वाकडे झालो, ते बघायचं. लोकांकडे बोट दाखवायला दुसरे ठसे आहेत."

"फोफियेच्या अंगावरच घालतोय ना?" ओपानिन म्हणाले. "काय मोजायचं ते तो मोजेल." आणि ते गेले.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर मी सुमिनाकडे अशी का बघत होते त्याचा अर्थ लागणार नाही. आमच्यात माणसाला आतून खाऊ शकतं ते फक्त त्याच्या आईच्या कुळातलं माणूस. बाहेरच्याचं तिथे काही चालत नाही. मी दुसऱ्या कुळातली, लग्न करून इथे आलेली, त्यामुळे फोफियेची पेटी माझ्या दारात येणं शक्य नव्हतं. त्याच्या कुळातले जवळचे म्हणजे ओपानिन आणि आमच्या शेजारच्या घरातल्या दोन बायका. एक सुमिना, दुसरी सेरवाआई. ओपानिनांच्या दारात तर पेटी ठेवलेलीच होती.

सेरवाआई सुमिनाच्या आईची धाकटी बहीण. वय विचारू नये इतकी म्हातारी. डोकं कधीच रिकामं झालेलं. दिवसभर अंगणात बसून असायची आणि काहीही विचारा, 'हो' म्हणायची. जेवलीस का? हो. नाही ना जेवलीस? हो. ऊन लागतंय? हो. आम्हाला त्याचं हसू यायचं. सुमिना तिला आईच म्हणायची, आमच्याकडे मावशी वेगळी नसते.

आणि सुमिना म्हणजे उकिरडा. तिचं नावच ते. तिच्या आईची आधीची मुलं जगली नाहीत. एकामागून एक सहा पोरं गेली. मग ही झाली तेव्हा तिला टोपलीत घालून उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीने उचलून आणलं आणि नाव सुमिना ठेवलं. मृत्यूला वाटावं, हा कचरा कशाला न्यायचा. ती जगली. लग्न झालं, मूल झालं नाही, नवऱ्याने दुसरी केली, ही परत आली. आली ती आईच्या फळीशी बसली आणि तेव्हापासून मयताच्या कापडांवर ठसे मारत होती. भांडण नाही, तंटा नाही. तिच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच. पण गाव वाईट दिवसांत जुन्या गोष्टी उकरून काढतं. सहा भावंडं गेली आणि हीच कशी राहिली, असं लोक विहिरीवर बोलायला लागले होते. मी आले की विषय बदलायचे.

त्यात पुन्हा ती चाकाची गोष्ट. फोफिये आजारी पडायच्या थोडे दिवस आधी त्याने ट्रक मागे घेतला तो थेट आमच्या वाळत घातलेल्या कापडांवरून. कुणाच्या तरी बापाच्या मयताचं कापड, ओल्या ठशांचं. त्यावर दोन रुंद पट्टे. सुमिना कधी ओरडत नाही, पण त्या दिवशी रस्त्यात उभी राहून ओरडली, "याच चाकांखाली जाशील एक दिवस!" फोफिये खिडकीतून हसला. म्हणाला, "आई, चाकांत हवा कुठंय? चारही पंक्चर झालेली. यांच्याखाली गेलो तरी नुसत्या गुदगुल्या होतील." सगळे हसले, तीही हसली. पण तो मेल्यावर लोकांना हसू आठवलं नाही, बोललेलं तेवढं आठवलं.

शोधकाठीचा जुना ठसा किडलेला निघाला. त्या दिवसांत तो कुणी मागतच नव्हतं. सुमिनाने कडू भोपळ्याच्या कवचाचा तुकडा घेतला आणि नवा कोरायला बसली. चौकटीत चौकट, आत उभ्या-आडव्या काठ्या. मग कापड फळीवर ताणलं, लाकडी फणी रंगात बुडवून रेघा ओढल्या, घरं पाडली आणि एकेका घरात ठसा टेकवायला लागली. भोपळ्याला बाक असतो, म्हणून ठसा एका कडेकडून दुसऱ्या कडेपर्यंत डोलवावा लागतो. तिचा हात सवयीने डोलत होता. तिचं लक्ष मात्र हातात नव्हतं.

"आचिया," ती बऱ्याच वेळाने म्हणाली, "मी त्याला बोलले ना, त्या रात्री मला मांस दिसलं."

मी कान टवकारले. "कसलं मांस?"

"स्वप्नात. थाळीत होतं. मी खाल्लं. उठले तर तोंडाला चव होती."

स्वप्नात मांस खाणं आमच्याकडे बोलून दाखवण्याची गोष्ट नाही. झोपलेल्या माणसाचा जीव बाहेर पडतो, आपल्याच माणसाला खातो आणि सकाळी त्याला स्वतःलाच पत्ता नसतो, असं म्हणतात. मी चट्‌कन इकडे तिकडे पाहिलं. रस्त्यावर कुणी नव्हतं.

"मग त्यात काय," मी म्हणाले. "मला तर रोज दिसतं. परवा हरीण दिसलं, त्याच्या आधी रानडुक्कर. वर्षभर आपण कच्ची पपई शिजवून खातोय, मांस स्वप्नातच मिळायचं. मी तर उठताना हात चाटते."

ती हसली नाही. "तुझ्या घरात कुणी मेलं नाही."

"तू वेडी आहेस का? ज्या पोराला पाठीवर वाढवलं, त्याला खाशील?"

"तेच तर बघतेय," ती म्हणाली. ठसा रंगात बुडवला, टेकवला, उचलला. "प्रत्येक घराला स्वतःला विचारतेय. मनात होतं का? ओरडले तेव्हा खरंच म्हणायचं होतं का? आणि आचिया, होतं. एक क्षण होतं. पडू दे याला, असं वाटलं. चार दिवसांचं काम होतं ते."

"आयांना वाटतं तसं. मला माझ्या पोरांबद्दल रोज वाटतं."

"मी आई नव्हते त्याची. मी नुसता वाढवला."

मला तिचा राग आला. असल्या वेळी माणसाने स्वतःची बाजू घ्यायची असते, आणि ही बसली होती स्वतःला तपासत. मी म्हणाले, "हे बघ, तू तुझ्या बापाच्या गावी जा. आजच. टेचिमानच्या बाजूला कुठेतरी आहे ना? त्यांचं कुळ वेगळं, ते तुला ठेवून घेतील. पेटी येऊन रिकाम्या घराला धडकू दे."

"सेरवाआईला कुठे नेऊ? तिला रस्त्यापर्यंत चालवत नाही. आणि गेले तर मग मीच केलं, असं होईल."

"होऊ दे ना. जिवंत राहशील."

"मला कळायला हवं, आचिया," ती म्हणाली. "मला माहीत नाही मी केलं का नाही. फोफियेला माहीत असेल. तो येईल आणि सांगेल." तिने पुढचं घर घेतलं. मी साल कुटायला लागले.

माझा धाकटा दीर क्वासी फोफियेचा जिवलग दोस्त होता. पेटी उचलणाऱ्या चौघांत तोही होता. संध्याकाळी तो ओट्यावर पाय पसरून बसला होता. मी त्याच्यासमोर भांडं आदळलं.

"कुठे जाणार पेटी?"

"वहिनी, ते नको विचारू."

"गावाला ठाऊक आहे आणि उचलणाऱ्याला नाही?"

"मला कसं ठाऊक असणार? फोफिये नेईल तिकडे."

"मान तुझी आहे ना? तुझ्याच धडावर बसवलीये ना देवाने? जरा सांभाळ तिला."

क्वासीने मान चोळली, जणू पेटी आत्ताच तिथे होती. "पेटी डोक्यावर आली की ती माझी राहत नाही," तो म्हणाला. "तुला खोटं वाटेल. मागे एकदा उचलली होती तेव्हा कळलं. आपण ढकलत नाही. बाकीचे तिघं नेतायत असं वाटतं आणि आपण त्यांच्यामागे जातो. नंतर त्या तिघांना विचारलं, तर त्यांनाही तसंच वाटत होतं."

"म्हणजे कुणीच नेत नाही?"

"म्हणजे तोच नेतो," क्वासी म्हणाला आणि जेवायला घेतलं. नीट जेवला नाही. पानात टाकलेलं उचलून ठेवताना मला कळलं की तोही घाबरलेला आहे, आणि माझी उरलीसुरली आशा गेली.

शनिवारी सकाळपासून वणव्याचा धूर गावावर उतरला होता. सूर्याकडे सरळ बघता येत होतं, तांबड्या रंगात बुडवल्यासारखा दिसत होता. सुमिनाने सेरवाआईला आंघोळ घातली, काळं कापड नेसवलं आणि अंगणात चिंचोळ्या सावलीत स्टुलावर बसवलं. स्वतः दारात उभी राहिली. मी माझ्या कुंपणाशी. ढोल वाजायला लागले आणि मग थांबले. पेटी उचलली की ढोल थांबवतात.

आधी ती दिसली नाही, नुसते पाय ऐकू आले. चौघांचे पाय, मध्येच धावणारे, मध्येच अडणारे. पेटी चर्चकडे गेली, तिथून फिरली, उभ्या ट्रकला एक धक्का दिला, परत आली. मागे सगळं गाव, पण कुणाचा आवाज नाही. मग ती आमच्या बोळात वळली. वरचं कापड बाजूंनी लोंबत होतं आणि त्यावर सगळीकडे सुमिनाच्या हातच्या शोधकाठ्या. क्वासीचे डोळे मिटलेले होते. चेहऱ्यावरून घाम वाहत होता, राखेमुळे काळा.

पेटी सरळ सुमिनाच्या दारावर आली आणि तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली. सुमिना हलली नाही. पेटीकडे बघत राहिली. तिला काहीतरी विचारायचं होतं असं वाटत होतं. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग पेटी एका बाजूला कलली, वळली, रंगाच्या पिंपाला वळसा घालून अंगणात गेली आणि सेरवाआईच्या स्टुलापुढे जाऊन वाकली. मागे सरली, पुन्हा वाकली. तिसऱ्यांदाही वाकली.

लोकांनी श्वास सोडला. मी सुमिनाचा चेहरा पाहिला. काय लपवायचं? तिच्या चेहऱ्यावर सुटका होती. आपण नव्हतो, आपण केलं नव्हतं. इतक्या दिवसांचं ओझं एकदम उतरलं तसे तिचे ओठ विलग झाले. मलाही आनंदच झाला, खोटं कशाला बोलू.

ओपानिन पुढे आले. त्यांनी दारूचे थेंब जमिनीवर सांडले, पूर्वजांना हाक मारली आणि म्हाताऱ्या बाईसमोर उभे राहिले.

"सेरवाआई, फोफियेला तू खाल्लंस का?"

"हो," सेरवाआई म्हणाली.

"का खाल्लंस?"

"हो."

"फोफियेला ओळखतेस ना तू?"

"हो," ती म्हणाली, आणि मग तिला काहीतरी आठवल्यासारखं झालं. तिने मान वर करून पेटीकडे पाहिलं. "जेवला का तो?"

गर्दीत कुणीतरी ओरडलं, मग दुसरं. एकाने कुंपणाची काठी उपसली. म्हाताऱ्या बाईला गावाबाहेर काढायचं म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. जळक्या रानात ती एक रात्रही काढू शकली नसती. सेरवाआई सगळ्यांकडे बघून हसत होती, इतकी माणसं बऱ्याच दिवसांनी घरी आली होती.

सुमिना दारातून निघाली, पिंपाला वळसा घालून आली आणि पेटी आणि स्टूल यांच्यामध्ये उभी राहिली.

"दादा, ती कशालाही हो म्हणते. तिला विचार, तू राणी आहेस का. हो म्हणेल."

"पेटी तिच्याकडे गेली, सुमिना. सगळ्यांनी पाहिलं."

"आधी माझ्याकडे थांबली. तेही सगळ्यांनी पाहिलं."

"थांबली आणि वळली. तू सुटलीस. बाजूला हो."

"सुटले असते तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "मी त्याला रस्त्यात शाप दिला. तुम्ही सगळे होतात. तेव्हा एक क्षण मला तो पडावासा वाटला होता. आणि त्याच रात्री मला मांस दिसलं. मी खाल्लं. पोटभर खाल्लं."

आमच्याकडे हे कुणी आपणहून बोलत नाही. मारून, उपाशी ठेवून वदवून घेतात.

"मी केलं का, ते मला माहीत नाही," सुमिना म्हणाली. "माझ्या आत शोधलं तेव्हा जे सापडलं ते सांगतेय. सेरवाआईच्या आत शोधायला काही उरलेलंच नाही. तिला सोड."

मला राहवलं नाही. मी कुंपणावरून ओरडले, "मांस मलाही दिसतं! इथे कुणाला दिसत नाही? उपाशी माणसाला दुसरं काय दिसणार? ओपानिन, तुम्हीच सांगा, तुम्हाला नाही दिसत?"

"तू दुसऱ्या कुळाची," मागून कुणीतरी म्हणालं. "तू गप्प बस."

पण मी ओपानिनांना विचारलं होतं, आणि सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी सुमिनाकडे पाहिलं. मग त्यांनी तिला विचारलं, "कसलं मांस होतं?"

"ते नाही दिसलं."

"हाड होतं का त्यात?"

"आठवत नाही, दादा."

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला नाही दिसत."

त्यावर संपलं. पेटी पुरायला नेली. सूर्य मावळायच्या आत सुमिनाने कुळाची जमीन सोडायची, पुन्हा पाय ठेवायचा नाही, कुळात तिचं नाव घ्यायचं नाही, असं ठरलं. आमचे पुरुष म्हणाले, फार दयाळूपणे झालं. जुन्या काळात याहून वाईट झालं असतं.

तिने फार काही घेतलं नाही. एक बोचकं बांधलं. मी तिच्या मागे मागे फिरत होते आणि शिव्या देत होते, तिला, ओपानिनांना, मेलेल्या फोफियेलासुद्धा. "तो वळला होता गं," मी म्हणाले. "तुला सोडून वळला होता. गप्प बसायला काय झालं होतं?"

"गप्प बसले असते तर सुटले असते का?" ती म्हणाली. तिला खरंच विचारायचं होतं. मी रडायला लागले, म्हणून तिने विषय बदलला. "सेरवाआईला जेवणातला पिठाचा गोळा पातळ लागतो. घट्ट झाला तर घशात अडकतो. आणि जेवलीस का, असं विचारू नकोस, ती हो म्हणेल. पोटाला हात लावून बघ."

रस्त्यावर एक ट्रक थांबला. मागे जळाऊ लाकडं होती आणि लाकडांवर माणसं बसली होती. आमच्या गावातले दोघे तिला पाहून खाली उतरले आणि पुढच्या गाडीची वाट बघत उभे राहिले. ती वर चढून बसली. क्वासीने बोचकं वर दिलं. ट्रक गेल्यावर तो बराच वेळ तिथेच होता. त्यानंतर त्याने कधी पेटी उचलली नाही.

तिची खबर नाही. टेचिमानच्या बाजूने येणाऱ्या ड्रायव्हरांना मी विचारत असते. एकाने सांगितलं, तिकडे एक बाई चादरींवर ठसे मारते. तिचं नाव काय, ते त्याला माहीत नव्हतं.

फोफियेचे चाळीस दिवसांचे विधी झाले आणि त्यानंतर एका दुपारी ओपानिन सुमिनाच्या अंगणात आले. मी पिंपाशी होते, आता एकटीच. त्यांनी बसू का असं विचारलं. एवढा मोठा माणूस मला विचारतो, म्हणून मी चकित झाले आणि फळी झटकून दिली. ते बसले. सेरवाआई समोर स्टुलावर होती. तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"ते मांसाचं तिने तुला आधी सांगितलं होतं?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं होतं."

"तू काय म्हणालीस?"

"मला रोज दिसतं, म्हणाले."

ते जमिनीवरचे रंगाचे डाग बघत राहिले. मी रंग ढवळत राहिले. त्या माणसाची मला कीव करायची नव्हती.

"त्या दिवशी तू विचारलंस," ते म्हणाले.

"तुम्ही नाही म्हणालात."

"दिसलं होतं. तो आजारी होता तेव्हा. मी हाड चोखत होतो." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "रोज रात्री स्वतःला विचारतो. त्याच्याबद्दल माझ्या मनात काय होतं ते शोधतो. तो परत आल्यापासून लोक त्याच्याकडे जायला लागले होते. माझ्याकडे नाही."

"मग तिला परत बोलवा."

"तिने सगळ्या गावासमोर सांगितलंय, आचिया."

"तुम्हीही सांगा सगळ्या गावासमोर."

मी वाट पाहिली. मला मनापासून वाटत होतं की हा माणूस आता उठेल, ढोलवाल्याला हाक मारेल. ते नुसते बसून राहिले, आणि मला कळलं की हे शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा निघायचे नाहीत. मला इतका संताप आला की हातातली काठी पिंपात सोडून मी घरात गेले. सेरवाआईच्या जेवणाची वेळ झाली होती. कसाव्याच्या पिठाचा गोळा शिजवून ठेवला होता, त्यात गरम पाणी घालून पातळ केला आणि वाडगा घेऊन बाहेर आले.

ओपानिन फळीवर नव्हते. ते सेरवाआईपुढे जमिनीवर बसले होते. आपल्याहून मोठ्यापुढे करतात तसं अंगावरचं कापड खांद्यावरून काढून कमरेला गुंडाळलं होतं. मी आले तसा त्यांनी हात पुढे केला. मी क्षणभर घुटमळले आणि मग वाडगा त्यांच्या हातात दिला.

त्यांनी उजवा हात धुतला. छोटा घास केला, फुंकर मारली आणि तिच्या तोंडात घातला. मग ती गिळेपर्यंत थांबले.